पेठेतल्या जुन्या कडीपत्त्याची रोपं कशी काढायची?

परसदार | ११ जून, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात शिवाजी पेठेत आमचं जुनं घर आहे. दिवाळीनंतर ते पाडून तिथं अपार्टमेंट होणार. सह्या झाल्यात, तेव्हा त्यावर चर्चा नको. प्रश्न आहे तो मागच्या दारच्या कडीपत्त्याचा. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हाही तो होताच म्हणतात. बुंधा चांगला पोटरीएवढा, शेंडा पहिल्या मजल्याच्या गॅलरीला लागतो. पान बारीक, काळपट हिरवं, देठ तांबूस. आमटीच्या फोडणीत एक डहाळी पडली की वास बोळाच्या तोंडापर्यंत जातो. मंडईतल्या जुडीत तो दम नाही.

नर्सरीतून नवीन रोप आणा, हा सल्ला घरातले सगळे देऊन झालेत. मला ह्याच झाडाची रोपं पाहिजेत. नणंदेला, जावेला, माझ्या आईला आणि आम्ही जाणार त्या फ्लॅटच्या गॅलरीत. फांदी पाण्यात ठेवून आठवड्यात मुळं फुटलेली व्हिडिओत दाखवतात, ते खरं असतं का? झाडावर आत्ता फळांचे घोस आहेत, बरेचसे हिरवे, थोडे लालसर. बुंध्याभोवती शहाबादी फरशी आहे, माती दिसतच नाही.

भडंगवाला | ११ जून, रात्री १०.०५

रोपं जास्त झाली तर एक जयसिंगपूरला. बदल्यात भडंग. माहिती शून्य आहे, धागा वर ठेवायला आलोय.

दूधगंगाकाठ | १२ जून, सकाळी ६.३०

ताई, महिना अगदी बरोबर गाठलाय. व्हिडिओचं सोडा. कडीपत्त्याची फांदी जास्वंदीसारखी झटकन मुळं धरत नाही. धरते कधीतरी, पण तुमच्याकडं दिवाळीपर्यंतचाच वेळ आहे, त्या भरवशावर राहू नका. खात्रीचे रस्ते दोन, फुटवे आणि बी.

कडीपत्त्याची मुळं जमिनीलगत आडवी पळतात. कुठं खुरप्याचा घाव लागला, फरशी बसवताना दुखावली, की तिथून कोंब वर येतो. तो फुटवा म्हणजे त्याच झाडाचा तुकडा, वास सोळा आणे तोच. फरशीच्या सांध्यात, भिंतीच्या कडेला, मोरीच्या पाण्याजवळ शोधा. शेजाऱ्यांच्या हद्दीतही बघा, बुंध्यापासून बऱ्याच लांब निघतात. पान चुरगाळून नाकाला लावलं की खात्री पटेल.

परसदार | १२ जून, दुपारी १.१५

सापडले! मोरीच्या पाइपाजवळ दोन आणि बोळाच्या पलीकडं, शेजाऱ्यांच्या टाकीमागं अख्खं झुडूप. ते लोक कितीतरी वर्षं आमचाच कडीपत्ता खातायत, आणि आमच्या सासूबाई त्यांना दर गुरुवारी वरून डहाळी देतायत. उंच कोंब गुडघ्याएवढे आहेत. काल वळीव बरा झालाय, माती मऊ आहे. उपटू का उद्या?

दूधगंगाकाठ | १२ जून, दुपारी १.२२

उपटू नका!!

सविस्तर संध्याकाळी लिहितो, आत्ता बाजारात आहे. फक्त हात लावू नका.

दूधगंगाकाठ | १२ जून, रात्री ८.५०

हां. फुटवा वरून रोपासारखा दिसतो, पण खाली त्याची स्वतःची मुळं नावालाच असतात. तो आईच्या जाड मुळावर बसलेला असतो आणि जेवण तिकडूनच येतं. उपटला तर हातात काठी येते, दोन-चार केसांसारखी मुळं लोंबतात आणि आठवड्यात मान टाकतो. लोक म्हणतात ना, कडीपत्ता हाताला लागत नाही, त्यातले निम्मे असेच गेलेले असतात.

करायचं असं. कोंबाच्या बाजूची माती हातानं सारा, आईचं आडवं मूळ उघडं पडू दे. बुंध्याकडच्या अंगाला, कोंबापासून वीतभर सोडून, ते मूळ धारदार कात्रीनं अर्ध्यापर्यंत कापा. अर्ध्यापर्यंतच. वर चाळलेलं शेणखत आणि माती लोटून दाबा आणि विसरून जा. आईकडून येणारं कमी झालं की कोंब स्वतःची मुळं सोडायला लागतो. महिन्याभरानं उरलेलं अर्धं कापा. तिथून आणखी दोन-तीन आठवड्यांनी, पावसाची झिमझिम असताना, मातीच्या गोळ्यासकट उचला. उचलताना आईच्या मुळाचा तो तुकडा कोंबाला तसाच राहू द्या, त्यातच त्याची शिदोरी असते. वरची पानं निम्मी छाटा.

टेरेसवरचा | १२ जून, रात्री ९.३०

फांदी लागत नाही हे मला पटत नाही. मी नागाळा पार्कात गच्चीवर लावलेली आहेत की. पेन्सिलीएवढी, ना कोवळी ना जून, सालीचा रंग हिरव्यावरून तपकिरीकडं झुकलेला असतो अशी फांदी घ्यायची. डोळ्याच्या खाली तिरका काप, टोकाला दोन पानं ठेवून बाकी काढायची, खाली आयबीएची, म्हणजे मुळं फुटायला मदत करणाऱ्या संप्रेरकाची पावडर. वाळू आणि कोकोपीट निम्मं-निम्मं. वर बिसलरीची बाटली उलटी. ऊन नको, उजेड पाहिजे. मधाचं बोट आणि दालचिनी हे सगळं यूट्यूबवाल्यांचं.

दूधगंगाकाठ | १२ जून, रात्री ९.४८

लागत नाही असं नाही म्हणालो, भरवसा नाही म्हणालो. दहा लावल्या तर किती धरतात ते पण सांगा की भावा.

टेरेसवरचा | १२ जून, रात्री ९.५५

हे बघा, दोन धरल्या तरी रोपं दोन झाली ना? फांद्या फुकटच आहेत, झाड पडणारच आहे. ताई, वीस-पंचवीस लावून टाका. पण एक सांगतो, कोंब फुटला म्हणजे फांदी लागली असं नसतं. फांदीतल्या साठ्यावर पानं येतात आणि खाली मुळाचा पत्ता नसतो. बाटली काढायची घाई केली की मग सुकते. हलकं ओढून बघायचं, मातीनं धरून ठेवलं तरच बाटली काढायची.

कळंबेकरीण | १३ जून, सकाळी ११.१०

मंडईतल्या जुडीतली काडी लावली तर चालते का? माझी कधीच लागलेली नाही.

दूधगंगाकाठ | १३ जून, दुपारी १२.००

जुडी सोडून नीट बघा. आपण जिला काडी म्हणतो ती बहुतेक वेळा काडी नसतेच, ते एक पान असतं. मधली शीर आणि दोन्ही बाजूंना दहा-दहा बारीक पर्णिका, हे सगळं मिळून एक पान. त्याला डोळा नसतो. डोळा असतो तो ते पान जिथं फांदीला चिकटतं त्या बेचक्यात, आणि तो झाडावरच राहिलेला असतो. मग कोंब फुटणार कुठून? जुडीत एखादा खरा शेंडा असतो, पण तो इतका कोवळा की मातीत जायच्या आधी कुजतो.

ह्यातच तोडायचंही आलं. पर्णिका ओरबाडून मधली काडी झाडावर ठेवू नका, ती नुसतीच वाळून गळते. पान घ्यायचं तर बेचक्यातून अख्खं घ्या. त्याहून चांगलं म्हणजे शेंडाच चार बोटं खुडा, खालून दोन-तीन फांद्या निघतात. ज्याचा शेंडा कधी खुडला नाही तो कडीपत्ता बांबूसारखा सरळ वर जातो आणि मग पानासाठी स्टूल लागतं.

निवृत्त_मास्तर | १३ जून, सायंकाळी ५.३०

बियांविषयी कोणी बोलेना म्हणून लिहितो. मी वनस्पतिशास्त्र शिकवत असे, त्यामुळे लांबण लागली तर सांभाळून घ्या.

कडीपत्ता हा लिंबू, संत्रे, बेल ह्यांच्याच कुळातला, रुटेसी. शास्त्रीय नाव पुष्कळ वर्षे मुराया कोएनिगी असे शिकवले, आता बर्गेरा कोएनिगी म्हणतात. कोएनिग हा लिनियसचा विद्यार्थी. अठराव्या शतकात तरंगमबाडीच्या डॅनिश वसाहतीत वैद्य म्हणून आला आणि दक्षिणेतल्या वनस्पती गोळा करत राहिला. कुंपणाला लावतात ती पांढऱ्या सुवासिक फुलांची कुंती ह्याचीच भाऊबंद. असो.

ह्या कुळातल्या पुष्कळ बियांप्रमाणे कडीपत्त्याच्या बियांनाही वाळणे सोसत नाही. गहू-हरभऱ्यासारखे डब्यात भरून पुढच्या वर्षी पेरू म्हटले तर एकही उगवणार नाही. फळ हिरवे, मग लाल, मग जांभळट काळे होते. काळेच घ्यावे. बोटाने दाबल्यावर मऊ लागते आणि देठापासून आपोआप सुटते. आपल्याकडे जुलै-ऑगस्टात भरपूर मिळतात, पण बुलबुल आणि कोकीळ आपल्या आधी पोचतात, म्हणून दोन-तीन घोसांना जुन्या मच्छरदाणीचा तुकडा आजच सैलसर बांधून ठेवा.

फळ चिरडून गर धुऊन टाकावा. चिकट असतो, बोटे जांभळी होतात. आत एक, क्वचित दोन हिरव्या बिया निघतात. गर तसाच ठेवून पेरले तर बुरशी येते आणि मुंग्याही लागतात. धुतलेल्या बिया सावलीत फडक्यावर पाणी निथळेपर्यंतच ठेवाव्यात आणि तीन-चार दिवसांच्या आत पिशवीत पेराव्यात, नखभर खोल. साधारण तीन आठवड्यांत उगवतात. रोप पहिले वर्ष फार सावकाश वाढते. वर्षाचे झाले की जमिनीत लावण्याजोगे होते.

घरात लहान मुले असतील तर त्यांना सांगून ठेवा. गर गोडसर लागतो म्हणून फळे तोंडात घालतात. बी विषारी मानतात, ती चावू किंवा गिळू देऊ नये.

परसदार | १३ जून, रात्री १०.२०

मास्तर, बांधली मच्छरदाणी. सासऱ्यांनी विचारलं, डास झाडालाही चावतात का.

बियांच्या रोपाला वास हाच येईल ना?

निवृत्त_मास्तर | १४ जून, सकाळी ७.००

बहुधा येईल, खात्री देता येत नाही. बीज म्हटले की थोडा फरक आलाच. तंतोतंत तेच झाड हवे तर फुटवा, गुटी किंवा फांदी. सगळे करावे. बिया हा विमा समजा.

शिरोळचा_पाटील | १४ जून, सकाळी ८.४५

गुटी राहिली की. डाळिंबवाल्यांना विचारा, त्यांचं रोजचं काम. झाडावर उभ्या-उभ्या फांदीला मुळं काढायची आणि मग तोडायची. बोटाएवढी सरळ फांदी बघा. चाकूनं एक इंच रुंदीची साल गोल सोलून काढा. आतला चिकट थर कापडानं पुसून घ्या, तो राहिला तर साल परत जुळते आणि मुळं येत नाहीत. बरेच लोक इथंच फसतात. वर भिजवून पिळलेलं शेवाळ मूठभर, त्यावर प्लास्टिक, दोन्ही टोकं सुतळीनं गच्च. मूठ दाबल्यावर पाणी गळायला नको. पावसाळा सोडून करू नका. दीड-दोन महिन्यांत प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसतात. ती तपकिरी होऊ लागली की गुटीच्या खालून कापा.

झाड पडणारच आहे तर एका फांदीवर थांबू नका, दहा बांधा.

नियमवाला | १४ जून, दुपारी ३.३०

झाड पडणारच, झाड पडणारच, असं सगळे म्हणताय म्हणून. शहरातलं झाड तोडायला महापालिकेची परवानगी लागते, स्वतःच्या जागेतलं असलं तरी. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५. पोटरीएवढा बुंधा म्हणजे झाडातच आलं. अर्ज बिल्डर करेल, पण केलाय का ते बघून घ्या. अख्खं झाड दुसरीकडं हलवता येईल का तेही विचारा.

शिरोळचा_पाटील | १४ जून, दुपारी ४.१०

हलवता येतं, पण कागदावर जितकं सोपं तितकं नाही. वरून कंबरेएवढं ठेवून सगळं छाटायचं, बुंध्याभोवती दीड-दोन फुटांवर चर खणून मुळं कापायची, महिनाभर थांबायचं, मग जेसीबीनं गोळ्यासकट उचलायचं. पेठेतल्या बोळात जेसीबी शिरतोय का? नसेल तर हौस सोडा.

परसदार | १४ जून, रात्री ९.००

आमच्या बोळात रिक्षा उलटी बाहेर काढावी लागते.

परवानगीचं विचारते. आभारी आहे, हे डोक्यातच आलं नव्हतं.

कळंबेकरीण | १९ जून, सकाळी १०.३०

ह्याच धाग्यात विचारू का? माझं रोप कुंडीतलं, जिवंत आहे पण पानं पिवळी. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. नवीन पानं तर पांढरीच म्हणा ना. आंबट ताक घाला असं सगळे सांगतात, घालतेय, फरक नाही. उलट चिलटं झालीत. पाणी बोअरचं.

शिरोळचा_पाटील | १९ जून, सकाळी ११.००

केवडा पडलाय. उसाला पडतो तोच. माती कोणती भरलीय?

कळंबेकरीण | १९ जून, सकाळी ११.२५

शेतातली काळी.

शिरोळचा_पाटील | १९ जून, दुपारी १२.४०

मग झालंच. आपल्या काळ्या मातीत चुनखडी, वर बोअरच्या पाण्यात क्षार. मातीत लोह असतं पण झाडाला उचलता येत नाही. नवी पानं आधी पिवळी आणि शिरा हिरव्या, ही लोहाच्या कमतरतेची खूण. जुनी, खालची पानं आधी पिवळी पडली असती तर नत्र कमी म्हणालो असतो.

लगेच उतारा पाहिजे तर हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, लिटरला ५ ग्रॅम, त्यात अर्धं लिंबू पिळून पानांवर फवारा. दहा-बारा दिवसांनी परत. उन्हात फवारू नका, पानं करपतात. नंतर काही दिवस ती पानं स्वयंपाकात घेऊ नका आणि पुढंही धुऊनच वापरा. हिराकस नुसता चुनखडीच्या मातीत टाकला तर तोही अडकून बसतो, टाकायचाच तर शेणखतात मुरवून टाका. ताकाला माझा विरोध नाही, पण वाटीभर ताकानं कुंडीभर चुनखडी कशी हटणार? आणि चिलटं त्या ताकामुळंच.

खरा उपाय माती बदलणं. काळी माती कुंडीत खराबच. पावसात चिखल, उन्हात भेगा, मुळांना हवा नाही.

आजरेकर | १९ जून, दुपारी २.००

आमच्याकडं या, तांबड्या मातीत कडीपत्ता रानातसुद्धा आपोआप वाढतो. राधानगरी, गगनबावडा, चंदगड, सगळीकडं झाडोऱ्यात मिळेल. पान लहान असतं आणि वासाला जबरी.

दूधगंगाकाठ | १९ जून, सायंकाळी ७.१५

कुंडीसाठी मी वापरतो ते सांगतो. पन्हाळ्याकडची तांबडी माती दोन पाट्या, कुजलेलं शेणखत एक पाटी, जाड वाळू अर्धी. वाळू मिळत नसेल तर गुऱ्हाळातली जुनी, काळी पडलेली चिपाडं बारीक करून. ताजी नकोत, ती कुजताना नत्र खातात. साखर कारखान्याची मळी घालणार असाल तर चांगली मुरलेली, गरम लागत असेल तर हात लावू नका. कुंडीच्या भोकावर खापरीचा तुकडा.

आणि कुंडी एकदम मोठी घेऊ नका. वीतभर रोपाला बादलीएवढी कुंडी दिली की न वापरलेलं पाणी खाली साचतं आणि मुळं कुजतात. रोप वाढेल तशी कुंडी वाढवा.

भडंगवाला | १९ जून, रात्री ८.००

धंद्याच्या दृष्टीनं विचारतो, कुठली जात लावावी? मला पानाला वास पाहिजे आणि बारा महिने पाहिजे. भडंगाला कडीपत्ता लई लागतो. धुतलेला पुसून, पंख्याखाली कोरडा करून मगच तेलात सोडायचा, एक ओलं पान राहिलं तरी भडंग मऊ पडतं. त्यामुळं जून, जाडसर पान बरं. कोवळं काळं होतं.

निवृत्त_मास्तर | १९ जून, रात्री ९.१०

धारवाडच्या कृषी विद्यापीठाच्या दोन जाती आहेत, डीडब्ल्यूडी १ आणि डीडब्ल्यूडी २. पहिल्या जातीच्या पानात तेलाचे प्रमाण जास्त, सुमारे ५.२ टक्के, दुसरीत ४.१ च्या आसपास. पण पहिली थंडीला हळवी, हिवाळ्यात तिचे डोळे फुटत नाहीत. दुसरीला थंडीची तेवढी बाधा नाही. बारा महिने हवे तर दुसरी, वास हवा तर पहिली.

भडंगवाला | १९ जून, रात्री ९.१४

म्हणजे दोन्ही.

परसदार | २८ जुलै, सायंकाळी ६.४५

बरेच दिवसांनी. मध्ये पंचगंगेचं पाणी चढत होतं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या, म्हणजे इशारा पातळीच्या वर गेलं की आमच्या घरात दुसरा विषयच नसतो.

प्रगती: फुटव्यांच्या मुळांचा दुसरा काप झाला. टाकीमागच्या झुडपातलेही कोंब घेतले, शेजारच्या काकूंनी एका अटीवर दिले, की एक झुडूप तिथंच ठेवायचं. गुट्या बांधल्या, त्यातल्या काहींत पांढरं दिसायला लागलंय. बिया पेरल्या. बाटलीखालच्या फांद्यांपैकी बऱ्याच काळ्या पडल्या, थोड्या हिरव्या आहेत, ओढून बघायचा मोह आवरतेय.

पिशव्या गच्चीवर आहेत, पाऊस थांबेना. आत घेऊ?

शिरोळचा_पाटील | २८ जुलै, रात्री ८.००

पावसाला घाबरू नका, साचलेल्या पाण्याला घाबरा. पिशव्या विटांवर ठेवा, तळाची भोकं मोकळी आहेत का काडी घालून बघा. २०१९ च्या महापुरात आमच्याकडं चांगली वाढलेली झाडं नुसत्या उभ्या पाण्यानं गेली. पाणी उतरल्यावर हिरवी दिसत होती, मग पंधरवड्यात वाळली.

परसदार | १४ सप्टेंबर, सकाळी १०.००

फुटवे उचलले, गोळ्यासकट. गुट्याही उतरवल्या. सगळं सावलीत ठेवलंय, पानं निम्मी छाटून. बियांचे कोंब दोन पानांवर आलेत.

नवीन संकट: पानांवर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काहीतरी दिसलं, पुसायला गेले तर ते हललं! आज एक जाड हिरवी अळी आहे. काडी लावली तर डोक्यातून नारिंगी शिंग बाहेर काढलं, आणि वास कसला उग्र! फवारू का काही?

निवृत्त_मास्तर | १४ सप्टेंबर, सकाळी १०.४०

फवारू नका! ते फुलपाखरू आहे. लाईम बटरफ्लाय किंवा कॉमन मॉरमॉन, दोघांच्याही अळ्या लिंबू आणि कडीपत्त्यावर वाढतात. लहानपणी शिटेसारखे रूप घेतात म्हणजे पक्षी दुर्लक्ष करतात, मोठ्या झाल्या की हिरव्या होतात. ते शिंग म्हणजे शत्रूला हाकलायचे साधन. ह्यांचेच नातलग ब्लू मॉरमॉन २०१५ पासून महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू आहे.

दूधगंगाकाठ | १४ सप्टेंबर, दुपारी १२.१५

मास्तर, तुमच्या फुलपाखराचा मान राखून सांगतो, चार पानांच्या रोपावर एक अळी बसली तर दोन दिवसांत काडी उरते. ताई, अळ्या पानासकट उचलून मोठ्या झाडावर नेऊन ठेवा. त्याला काही फरक पडत नाही. रोज सकाळी पानाच्या खालून-वरून बघा, पिवळसर मोहरीसारखी अंडी दिसली तर तेव्हाच हलवा.

शेंड्यावर चिकट पांढरे तुकडे, मुंग्यांची रांग किंवा काजळीसारखा थर दिसला तर मात्र ते वेगळं. मावा, खवले कीड, पिठ्या ढेकूण, सिट्रस सिला ह्यातलं काहीतरी असतं. साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या फडक्यानं पुसा, मग निंबोळी अर्क. शेजारी लिंबाचं झाड असेल तर सिलाकडं जास्त लक्ष, लिंबावर ग्रीनिंग हा रोग पसरवणारा तोच.

परसदार | १४ सप्टेंबर, रात्री ९.३०

मुलगी ऐकेना. एक अळी काचेच्या बरणीत, वर जाळी. तिच्यासाठी रोज मोठ्या झाडाची ताजी डहाळी.

परसदार | ३० नोव्हेंबर, सायंकाळी ५.००

आम्ही फ्लॅटवर आलो. फुटवे जवळजवळ सगळे जगलेत, गुट्याही बऱ्याच. फांद्यांमधल्या थोड्याच धरल्या, टेरेसवरचा दादा, तुमचं मन राखायला त्यांचा फोटो टाकते. झाडाच्या परवानगीची पाटी बिल्डरनं लावलीय, तोडायच्या आधी शेवटचा पाला सासूबाईंनी सावलीत वाळवून चटणीसाठी ठेवलाय.

पण आता काळजी अशी की थंडी पडल्यापासून दोन रोपांची खालची पानं पिवळी होऊन गळतायत. वाढ ठप्प. रोज पाणी घालतेय, शेणखताचं पाणीही दिलं.

दूधगंगाकाठ | ३० नोव्हेंबर, सायंकाळी ६.१०

पाणी आजपासून बंद करा. म्हणजे अगदी बंद नाही, वरची दोन बोटं माती कोरडी झाल्याशिवाय घालू नका. रात्रीचं तापमान १६ अंशांच्या खाली आलं की कडीपत्त्याचे डोळे झोपी जातात. पानं गळतात, कधीकधी नुसती काडी उरते. झाड मेलं म्हणून लोक पाणी आणि खत वाढवतात, आणि मग मुळं कुजून ते खरंच मरतं. नखानं साल थोडी खरवडा, खाली हिरवं असेल तर जिवंत. खत संक्रांतीनंतर, ऊन तापायला लागलं की. फेब्रुवारीत शेंडे फुटतील तेव्हा आधी शेंडा खुडा आणि फुलांचे तुरे आले तर तेही काढा, पहिली दोन वर्षं ताकद पानांत जाऊ द्या.

गॅलरी कुठल्या दिशेची?

परसदार | ३० नोव्हेंबर, सायंकाळी ६.३०

पश्चिमेची. दुपारी दोननंतर ऊन.

दूधगंगाकाठ | ३० नोव्हेंबर, सायंकाळी ६.३४

चालतंय. हिवाळ्यात कठड्याला लावून ठेवा. एप्रिल-मेमध्ये मात्र कुंडी तापते, तेव्हा बाहेरून पोतं गुंडाळा.

भडंगवाला | ३० नोव्हेंबर, रात्री ८.४५

ताई, जूनमध्ये नंबर लावलेला, आठवतंय ना? पुढच्या रविवारी मार्केट यार्डला येणार आहे. दोन किलो भडंग आणतो, लसणाचा आणू का साधा?

परसदार | ३० नोव्हेंबर, रात्री ९.००

लसणाचा. गुटीचं रोप ठेवलंय तुमच्यासाठी. पण आत्ता नेऊ नका, थंडीत माती हलवली तर धरणार नाही. पिशवीवर तुमचं नाव टाकून ठेवते, होळीनंतर न्या. भडंग रविवारीच आणा.